काही बिघडलेलं नसताना

वेबसाइट चालवायची म्हटली की सर्व्हरचा लॉग वाचणं ओघानं आलंच. कुठल्या पत्त्यावरून कोण आलं, कुठलं पान मागितलं, किती वाजता मागितलं, याची एकेक ओळ तिथे आपोआप पडत असते. ओळीच्या शेवटी आलेल्याचा ब्राउझर आपली ओळख सांगतो. बहुतेक ओळी सारख्याच असतात, नजर त्यांच्यावरून घसरत जाते. मग मधेच एखादी अशी येते : ‘मोझिला/४.० (कम्पॅटिबल; एमएसआयई ८.०, विंडोज एनटी ५.१)’. विंडोज एनटी ५.१ म्हणजे विंडोज एक्सपी, मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. एमएसआयई ८.० म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर या मायक्रोसॉफ्टच्याच ब्राउझरची आठवी आवृत्ती, एक्सपीवर चालू शकणारी शेवटची.

यातल्या पुष्कळशा ओळी खोट्या असतात. बॉट, म्हणजे आपोआप पानं मागत हिंडणारे प्रोग्राम, वाट्टेल ते नाव घेऊन फिरतात, आणि जुन्या ब्राउझरचं नाव त्यांना सोयीचं पडतं. पण माणूस ओळखू येतो. बॉट पान उचलतो आणि चालू पडतो. माणसाच्या ब्राउझरनं पान मागितलं की त्याच्या पाठोपाठ पानावरच्या चित्रांची, स्टाइलशीटची मागणी येते. मग काही वेळ काहीच येत नाही, कारण कुणीतरी वाचतंय. मग पुढचं पान. एक्सपीच्या ओळीमागे असा माणसाचा वावर दिसला की मला काळजी वाटायची. ती नेमकी कशाची, ते आज नीट मांडायचं आहे.

त्या माणसाच्या दृष्टीनं पाहिलं तर काहीच बिघडलेलं नाही. संगणक सुरू होतो, ब्राउझर उघडतो, पान दिसतं. सॉफ्टवेअर झिजत नाही, त्याला गंज चढत नाही. २००९ साली आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ८ आजही बिट न् बिट तसाच आहे. त्यात असलेल्या सगळ्या त्रुटी पहिल्या दिवशीही होत्या. तेव्हा त्या कुणाला ठाऊक नव्हत्या, एवढाच फरक. जुना ब्राउझर जागच्या जागी असतो आणि त्याच्याबद्दल जगाला असलेली माहिती वाढत जाते. धोका त्या माहितीत आहे. तो ब्राउझर वापरणाऱ्याला ती वाढताना दिसत नाही, आणि दिसायला तसं काही कारणही नसतं.

आणि ही माहिती वाढवण्यात सर्वांत मोठा हातभार खुद्द दुरुस्तीचा असतो. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा धक्का बसतो. मायक्रोसॉफ्टनं २००३ च्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा-पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, द्यायची पद्धत सुरू केली. पॅच जाहीर झाला की जगभर काही लोक एक काम हाती घेतात. दुरुस्तीपूर्वीची फाइल आणि दुरुस्तीनंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवतात. मूळ प्रोग्राम त्यांच्याकडे नसतो, असतं ते यंत्राला समजणारं रूप. हजारो फंक्शन्स जशीच्या तशी असतात, मोजकी बदललेली असतात. त्यातल्या एकात एक नवी तपासणी दिसते : लांबी अमुकपेक्षा जास्त भरली तर इथूनच परत फिर. म्हणजे कालपर्यंत ही तपासणी नव्हती. म्हणजे कालच्या फाइलला जास्त लांबीचा मजकूर दिला तर काय होतं, ते पाहायचं. त्रुटी शोधायला ज्याला महिने लागले असतील, त्याचं उत्तर पॅचनं काही तासांत हातात दिलेलं असतं. या क्षेत्रातले लोक पॅचच्या मंगळवारनंतरच्या दिवसाला ‘एक्सप्लॉइट बुधवार’ म्हणतात; एक्सप्लॉइट म्हणजे त्रुटीचा फायदा उठवणारा हल्ला. कुलूप बनवणाऱ्यानं जाहीर पत्रक काढावं की आमचं अमुक मॉडेल अमुक ठिकाणी दाबलं की उघडतं, तेव्हा बदलून घ्या. तशातला हा प्रकार. बदलून घेणारे सुरक्षित होतात. ज्यांच्यापर्यंत पत्रक पोचलं नाही, त्यांची घरं त्या पत्रकामुळेच जास्त उघडी पडतात.

याला उपाय म्हणून पॅच गुपचूप द्यावेत का? मला तसं वाटत नाही. गुपचूप दिलेला पॅचसुद्धा फाइलींची तुलना करणाऱ्याला दिसतोच, फक्त सामान्य माणसाला त्याचं महत्त्व कळत नाही. उघडपणा योग्यच आहे. पण त्या उघडपणाची किंमत मागे राहिलेल्यांनी मोजायची असते, हे मात्र कुठल्याही पॅचच्या पत्रकात लिहिलेलं नसतं.

निमडा हे याचं जुनं आणि ठळक उदाहरण. १८ सप्टेंबर २००१ रोजी हा वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, जगभर पसरला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक इंटरनेट एक्सप्लोररच्या ५.०१ आणि ५.५ या आवृत्त्यांतून जात होती. ईमेलला जोडलेली फाइल प्रत्यक्षात चालणारा प्रोग्राम असे, पण तिच्या डोक्यावरच्या माहितीत ‘ही ध्वनिफीत आहे’ असं लिहिलेलं असे. ब्राउझर त्या माहितीवर विश्वास ठेवून फाइल आवाजासारखी आपोआप उघडायला जाई, आणि प्रोग्राम चालू होई. क्लिक करायचीही गरज नव्हती. पत्र नुसतं नजरेसमोर आलं तरी पुरे. या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिली होती. म्हणजे वर्म आला तेव्हा इलाज जवळजवळ सहा महिने उपलब्ध होता, आणि तरीही असंख्य संगणक बाधित झाले. तेव्हा ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होत नसत. कुणीतरी बुलेटिन वाचायचं, समजून घ्यायचं, फाइल उतरवायची आणि चढवायची, असा तो मामला होता.

हे सगळं ब्राउझरच्याच वाट्याला इतकं का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. हिशेब करणारा एखादा जुना प्रोग्राम वर्षानुवर्षं चालवला तर एवढी काळजी करावी लागत नाही. फरक असा की ब्राउझर दिवसभर अनोळखी माणसांनी लिहिलेला प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवत असतो. तेच त्याचं काम आहे. १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीनं पानात प्रोग्राम लिहिण्याची भाषा, जावास्क्रिप्ट, आणली तेव्हापासून पान हे नुसतं वाचायचं राहिलं नाही, ते चालू लागलं. एखादं विश्वासातलं पान उघडलं तरी त्यात जाहिरात तिसऱ्याची, मोजणी करणारी स्क्रिप्ट चौथ्याची. ज्यानं साधं वर्तमानपत्र उघडलं, त्यानं त्या सगळ्यांना आत घेतलेलं असतं. म्हणून ‘मी भलत्यासलत्या साइटवर जातच नाही’ हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकतो आणि प्रत्येक वेळी मला ते अपुरं वाटतं. जाहिरातींच्या जाळ्यातून नामांकित साइटवर घातक कोड आल्याचे प्रकार पुष्कळदा घडले आहेत.

आणि तो कोड आंधळेपणानं येत नाही. २०१० नंतरच्या काही वर्षांत ‘एक्सप्लॉइट किट’ नावाची तयार साधनं गुन्हेगारी बाजारात भाड्यानं मिळत. ब्लॅकहोल हे त्यातलं गाजलेलं नाव, पुढे अँग्लर. पान उघडणाऱ्याचा ब्राउझर कुठला, त्याची आवृत्ती कुठली, त्याला फ्लॅश किंवा जावा यांसारखी जोडसाधनं आहेत का, असतील तर किती जुनी, हे ते आधी पाहत. मग आपल्या साठ्यातून नेमका त्या आवृत्तीला लागू पडणारा हल्ला काढून देत. अद्ययावत ब्राउझर आला तर कित्येकदा काहीच करत नसत, निमूट साधं पान दाखवत. जो ब्राउझर लॉगमध्ये आपली आवृत्ती प्रामाणिकपणे सांगतो, त्याचा तोच प्रामाणिकपणा तिथे त्याच्यावर उलटतो.

आत नेमकं काय होतं, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०१० मध्ये गूगलनं जाहीर केलं की आपल्यावर आणि आणखी किमान वीस कंपन्यांवर चीनमधून हल्ला झाला. ‘ऑपरेशन ऑरोरा’ या नावानं तो ओळखला जातो. त्यात इंटरनेट एक्सप्लोररमधली एक त्रुटी वापरली गेली होती. पानावरचा प्रत्येक घटक, मग ते चित्र असो की बटण, ब्राउझर मेमरीत एका ठिकाणी मांडून ठेवतो. त्या घटकावर काही घडलं, समजा चित्र उतरून झालं, की ‘हे अमुक घटकावर घडलं’ अशी एक नोंद तयार होते आणि तिच्यात त्या घटकाच्या मेमरीतल्या जागेचा पत्ता असतो. हल्लेखोराची स्क्रिप्ट त्या नोंदीची एक प्रत काढून बाजूला ठेवायची. मग पानातून तो घटकच पुसून टाकायची. ब्राउझर ती जागा मोकळी झाली असं समजून दुसऱ्या कामाला द्यायला तयार होई. पण बाजूला ठेवलेल्या प्रतीत जुना पत्ता तसाच राहिलेला. आता स्क्रिप्ट त्या मोकळ्या जागेत स्वतःला हवा तो मजकूर भरायची, आणि प्रतीला विचारायची : तू कुठल्या घटकाची? ब्राउझर जुन्या पत्त्यावर जाई, तिथे भरलेला मजकूर आपलाच घटक समजून वाचे, आणि त्यातल्या आकड्यांना सूचना मानून त्याप्रमाणे चालू लागे. त्या क्षणापासून यंत्र दुसऱ्याचं झालं. पडद्यावर वाचणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही, फार तर पान थोडं रेंगाळतं.

याला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात : सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं. सी आणि सी++ या भाषांत मेमरीचा हिशेब प्रोग्राम लिहिणाऱ्यानं स्वतः ठेवायचा असतो, आणि लाखो ओळींच्या ब्राउझरमध्ये तो हिशेब चुकतोच. क्रोमच्या चमूनं २०२० साली आपल्या गंभीर त्रुटींचा आढावा घेतला तेव्हा त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या निघाल्या, आणि त्यातल्या निम्म्या याच प्रकारच्या. जगातले निवडक प्रोग्रामर हे काम करतात आणि तरी ही स्थिती आहे. म्हणून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं या चुका टाळणारी रस्ट ही भाषा उभी करायला बळ दिलं आणि २०१६ पासून फायरफॉक्सचे काही भाग तिच्यात लिहिले.

ऑरोराच्या त्रुटीबद्दल मला जास्त महत्त्वाची वाटते ती वेगळी बाब. ही त्रुटी इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या, तिन्ही आवृत्त्यांत होती. पण त्या वेळी फिरत असलेले हल्ले चालले ते सहावीवर. नव्या आवृत्त्यांमध्ये आणखी थर होते. मेमरीचा जो भाग माहितीसाठी आहे त्यातून सूचना चालूच द्यायच्या नाहीत, अशी व्यवस्था आठवीत मूळातच सुरू असे. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमनं तर प्रत्येक पान वेगळ्या प्रक्रियेत, हातपाय बांधल्यासारखं, सँडबॉक्समध्ये चालवायला सुरुवात केली होती. ब्राउझर फोडला तरी फाइलींपर्यंत पोचायला आणखी एक भिंत फोडावी लागते. जुन्या ब्राउझरमध्ये त्रुटी असतात हे खरंच, पण त्रुटी सापडल्यावर सावरणारं मागे कुणी नसतं, हे जास्त गंभीर आहे. तेव्हा जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा-यंत्रणांनी लोकांना तूर्त इंटरनेट एक्सप्लोरर वापरू नका असं उघड सांगितलं. २१ जानेवारीला मायक्रोसॉफ्टनं महिन्याच्या वेळापत्रकाची वाट न पाहता पॅच दिला.

सहावी आवृत्ती आली होती ऑगस्ट २००१ मध्ये. म्हणजे ऑरोराच्या वेळी ती साडेआठ वर्षांची होती आणि मोठमोठ्या कंपन्यांत चालू होती. लोक आळशी होते म्हणून, असं म्हणणं सोपं आहे. मी ते मानत नाही.

सहावी आल्यानंतर सातवी यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. त्या पाच वर्षांत जगभरच्या संस्थांनी आपली अंतर्गत कामं वेबवर आणली : रजेचे अर्ज, साठ्याच्या नोंदी, बिलं. ती सगळी तेव्हा जो ब्राउझर सर्वत्र होता, त्याच्यावर बेतून लिहिली गेली. त्याच्या चुकांवरही बेतून. सातवीत चुका दुरुस्त झाल्या आणि ही कामं मोडली. ज्यांनी ती लिहिली ते निघून गेले होते, करार संपले होते, दुरुस्तीला पैसे नव्हते. मग संस्थेनं फर्मान काढलं की ब्राउझर बदलायचा नाही. टेबलामागे बसलेल्या कर्मचाऱ्याच्या हातात तो निर्णय कधीच नव्हता. तोच माणूस त्याच ब्राउझरमध्ये जेवणाच्या सुट्टीत बातम्या वाचणार, बँकेचं खातं पाहणार.

दक्षिण कोरियात हेच अख्ख्या देशाच्या बाबतीत घडलं. १९९० च्या दशकात अमेरिकेनं परदेशी जाणाऱ्या ब्राउझरमधल्या एनक्रिप्शनवर, म्हणजे मजकूर तिऱ्हाइताला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करण्याच्या पद्धतीवर, बंधन घातलं होतं. ४० बिटांची किल्ली, जी मोडणं अवघड नव्हतं. ऑनलाइन व्यवहारांसाठी ती पुरेशी नव्हती. कोरियानं ‘सीड’ ही १२८ बिटांची स्वतःची पद्धत तयार केली. हेतू अगदी रास्त होता. पण कुठलाच ब्राउझर सीड जाणत नव्हता, तेव्हा ती ॲक्टिव्हएक्स या जोडणीतून दिली गेली, आणि ॲक्टिव्हएक्स चालतं फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. बँका, सरकारी कामं, खरेदी, सगळं त्याला बांधलं गेलं. पुढे अमेरिकेचं बंधन सैल झालं, ब्राउझरमध्येच चांगलं एनक्रिप्शन आलं, तरी कोरियातले नियम आणि सवयी बरीच वर्षं तिथेच राहिल्या. ऑनलाइन ओळख पटवणाऱ्या सरकारमान्य प्रमाणपत्रांची जुनी व्यवस्था कायद्यानं संपली ती डिसेंबर २०२० मध्ये. ॲक्टिव्हएक्सचा खरा तोटा मला असा वाटतो की ‘हे इन्स्टॉल करू का?’ या प्रश्नाला न वाचता ‘हो’ म्हणायची सवय त्यानं एका सबंध पिढीला लावली. सुरक्षेसाठी आणलेल्या साधनानंच.

एक्सपीचं समर्थन ८ एप्रिल २०१४ रोजी संपलं, म्हणजे त्याला पॅच मिळणं थांबलं. त्याच महिन्याच्या अखेरीस इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नवी गंभीर त्रुटी उघडकीला आली, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असलेली. मायक्रोसॉफ्टनं १ मे रोजी पॅच दिला आणि मुदत उलटून गेली असूनही एक्सपीसाठीही दिला. तेव्हा बऱ्याच जाणकारांनी नाक मुरडलं : असं केलंत तर लोक एक्सपी सोडणारच नाहीत. युक्तिवाद चुकीचा नाही. तरीही माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. धडा शिकवायचा म्हणून माणसांना उघड्यावर ठेवणं मला पटत नाही, त्यातून ज्यांना शिकवायचं ते निर्णय घेणारे असतात आणि सोसतात ते दुसरेच.

फोनच्या बाबतीत तर वापरणाऱ्याच्या हातात त्याहूनही कमी असतं. जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्राउझर आणि वेबव्ह्यू, म्हणजे इतर ॲपना पानं दाखवण्यासाठी लागणारा भाग, हे ऑपरेटिंग सिस्टीमचाच हिस्सा होते. ते बदलायचे तर सबंध सिस्टीम बदलायला हवी, आणि ती पाठवणार फोन बनवणारी कंपनी, जिला नवा फोन विकण्यात जास्त रस असतो. २०१४ साली रफाय बलोच या पाकिस्तानी संशोधकानं त्या जुन्या ब्राउझरमधली एक त्रुटी दाखवली. एका साइटच्या पानानं दुसऱ्या साइटच्या पानात डोकावायचं नाही, हा वेबचा पायाभूत नियम आहे. एका टॅबमध्ये बँक आणि दुसऱ्यात एखादा खेळ उघडा असला तरी चालतं, ते या नियमाच्या भरवशावर. त्या ब्राउझरमध्ये ‘जावास्क्रिप्ट’ या शब्दाच्या आधी एक शून्य अक्षर, जे पडद्यावर उमटतसुद्धा नाही, ते लावलं की हा नियम तपासणारा भाग फसत असे. एका न दिसणाऱ्या अक्षरानं तो सगळा भरवसा मोडीत निघाला. पुढच्या जानेवारीत गूगलनं स्पष्ट केलं की अँड्रॉइड ४.३ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांच्या वेबव्ह्यूसाठी आपण स्वतः पॅच तयार करणार नाही. त्या वेळी वापरात असलेल्या अँड्रॉइड फोनपैकी निम्म्याहून जास्त त्यात मोडत होते. अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत होऊ लागला, ही मोठी सुधारणा झाली. पण ती मिळाली पुढच्या फोनना.

साइट चालवणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. जुन्या ब्राउझरला जुनं एनक्रिप्शनच समजतं. ते सर्व्हरवर चालू ठेवलं तर जुना माणूस येऊ शकतो, पण धोका सगळ्यांनाच राहतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये पूडल या हल्ल्यानं हे दाखवून दिलं : मध्ये बसलेला हल्लेखोर नव्या ब्राउझरलाही १९९६ सालच्या एसएसएल ३.० या एनक्रिप्शनवर उतरायला भाग पाडू शकत होता, केवळ दोन्ही बाजूंनी ते जुन्यांसाठी शिल्लक ठेवलं होतं म्हणून. एसएसएलची जागा घेणाऱ्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या ब्राउझरांनी २०२० मध्ये बंद करायला घेतल्या, तेही याच विचारानं. मीही माझ्या सर्व्हरवर त्या बंद केल्या आणि पुन्हा वेळ आली तरी तेच करीन. पण ते केल्यावर लॉगमधल्या जुन्या ओळी नाहीशा होतात, तेव्हा माणसं सुरक्षित झाली असं समजायचं नसतं. ती फक्त माझ्याकडे येईनाशी झाली. तोच ब्राउझर घेऊन ती दुसरीकडे जात असणार, आणि ज्या साइट अजून जुन्यांना आत घेतात त्या बहुधा सर्वांत कमी निगराणीतल्या असतात.

साइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेनं हा पेच जास्त हळुवारपणे हाताळला. त्यांच्या प्रमाणपत्रांना आधार देणारं जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपत होतं आणि ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉइडला नवं माहीत नव्हतं. त्या फोनवर अचानक असंख्य साइट बंद पडल्या असत्या. अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासत नाही, या गोष्टीचा उपयोग करून त्यांनी आणखी तीन वर्षांची सोय काढली. लोकांना सूचना ओलांडून पुढे जायची सवय लागू नये, यासाठी घेतलेले ते कष्ट होते. प्रमाणपत्राची सूचना एकदा ओलांडलेला माणूस पुढच्या वेळी खऱ्या धोक्याची सूचनाही ओलांडतो.

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. चार महिन्यांनी, २९ ऑक्टोबरला, सोलमधल्या इतेवॉन भागात गर्दीत चेंगरून दीडशेहून अधिक माणसं गेली. दोनच दिवसांत त्या दुर्घटनेची माहिती असल्याचा देखावा करणारी एक वर्ड फाइल दक्षिण कोरियात फिरू लागली. ती उघडली की दुरून आणखी एक फाइल यायची, तिच्यातून एक वेबपान यायचं, आणि ऑफिस ते पान इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनानं मांडायचं. उघडणारा रोज क्रोम वापरत असला तरी फरक पडत नव्हता. त्या इंजिनातल्या तोपर्यंत अज्ञात त्रुटीतून उत्तर कोरियाशी जोडलेला एक गट आत शिरत होता. गूगलच्या चमूनं ३१ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टला कळवलं, ८ नोव्हेंबरला पॅच आला. आपलं माणूस मृतांत आहे का, या धास्तीनं ज्यांनी ती फाइल उघडली असेल, त्यांचा विचार मनातून जात नाही. जुलै २०२४ मध्ये आणखी एक त्रुटी बुजवली गेली; तिच्यात शॉर्टकट फाइलमधल्या एका खास पत्त्यामुळे विंडोज १० आणि ११ वरही निवृत्त एक्सप्लोरर जागा होऊन पान उघडत असे.

म्हणजे जुना ब्राउझर पडद्यावर दिसेलच असं नाही. गप्पांची, टिपणांची, कोड लिहायची पुष्कळ डेस्कटॉप ॲप्स आज इलेक्ट्रॉन या तयार सांगाड्यावर बांधलेली असतात आणि प्रत्येकाच्या पोटात एक अख्खं क्रोमियम, म्हणजे क्रोमचा खुला गाभा, असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्स लगेच दुरुस्त झाले. ॲपच्या पोटातलं क्रोमियम मात्र तो ॲप बनवणारा जागा होईपर्यंत तसंच राहतं, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. माझ्या मते आजचा सर्वांत मोठा जुना ब्राउझर हाच आहे.

दुरुस्तीचा वेग मात्र खरोखर वाढला आहे. क्रोमियमचा कोड सर्वांसाठी खुला असल्यामुळे दुरुस्ती आधी तिथे दिसते आणि लोकांपर्यंत नंतर पोचते. ही मधली दरी क्रोमनं सरासरी ३५ दिवसांवरून १५ वर आणली, आणि ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेची दुरुस्ती दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. ब्राउझरच्या कोपऱ्यात ‘रीस्टार्ट करा’ असं दिसतं आणि आपण चाळीस टॅब उघडे आहेत म्हणून ते दिवसेंदिवस टाळतो. पॅच उतरलेला असतो, पण जोवर ब्राउझर बंद करून उघडत नाही तोवर चालू असतो तो जुनाच.

ज्यांचं यंत्रच जुनं आहे त्यांना मी काय सांगतो? विंडोज ७ असेल तर क्रोम १०९ वर थांबलं आहे, पण मोझिलानं फायरफॉक्सच्या ११५ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची मुदत जुन्या विंडोजसाठी पुन्हा पुन्हा वाढवली. ती मुदत अजून चालू आहे ना हे पाहून तिच्याकडे आधी जा. एक्सपीवर आता तसं काही उरलेलं नाही. फायरफॉक्स ५२ हा तिथला शेवटचा, आणि त्याचंही समर्थन २०१८ मध्ये संपलं. ते यंत्र एखाद्या अंतर्गत कामासाठी ठेवणं भागच असेल, तर त्याला त्या कामापुरतंच जाळं द्या, बाहेरचं इंटरनेट तोडा, आणि त्यावर कुठलाही पासवर्ड टाकू नका. यंत्र बदला असं मी सहसा म्हणत नाही. बदलता आलं असतं तर त्यांनी बदललं असतं.

बोलायचं ते साइट आणि प्रणाली बांधणाऱ्यांशी. मायक्रोसॉफ्टनं एज या आपल्या नव्या ब्राउझरमधला आयई मोड, म्हणजे जुन्या साइट इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनानं उघडायची सोय, किमान २०२९ पर्यंत चालू ठेवायचं आश्वासन दिलं आहे, आणि मला भीती अशी की पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ ‘२०२९ पर्यंत काही करायला नको’ असा घेतला जाईल. हल्लेखोरांनी या मोडचाही गैरवापर केल्यावर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टला तो सुरू करण्याच्या सोप्या वाटा बंद कराव्या लागल्या. म्हणून नवं काम ठरवायच्या बैठकीत मी दोन गोष्टी लेखी मागतो : हे कुठल्याही एका ब्राउझरला बांधलं जाणार नाही, आणि काम सोपवून झाल्यावरही ब्राउझरची नवी आवृत्ती आली की ते चालतंय का, हे पाहायची जबाबदारी अमुक माणसाची, अमुक खर्चातून. पहिली गोष्ट सगळे लगेच मान्य करतात. दुसरीवर घासाघीस होते, कारण तिला पैसे लागतात आणि ती कधी संपत नाही. मी दुसरीवरच अडून बसतो.